पराभवानंतरचे झेंडे

निवडणूक झाल्यावर आमच्या भागात झेंडे लागले, आणि तेही हरलेल्या पक्षाचे. प्रचार चालू असताना ज्यांच्या गॅलरीत फक्त चादरी वाळत होत्या, त्यांनी निकालानंतर कुठून कुठून झेंडे पैदा केले आणि गजाला बांधून टाकले. बाहेरून आलेल्या माणसाला वाटलं असतं, काय ही निष्ठा. निष्ठा कसली डोंबलाची. लोक घाबरले होते. आणि ज्या माणसाला घाबरले होते, त्याला हे कुणी सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

त्यांना आम्ही चावीवाले काका म्हणतो. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. छातीपर्यंत येणारा लोखंडी दांडा, खाली चौकोनी तोंड, वर आडवी मूठ. रस्त्यातलं झाकण उचलायचं, दांडा आत सोडायचा, कमरेतून जोर लावून फिरवायचा, की त्या गल्लीला पाणी येतं. उलटा फिरवला की जातं. पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराकडे काका वर्षानुवर्षं हेच काम करतात. पहाटे एका टोकाला सुरुवात करायची आणि शाळा भरेपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचायचं. अंगानं किडकिडीत, आवाज मऊ, आणि रस्त्यानं जाताना कुत्र्यालाही बाजूला हो म्हणण्याऐवजी स्वतः बाजूला होणार. असा माणूस.

उरलेला वेळ ते पक्षाला देत. पक्षाच्या वकीलबाई एकदा ठेकेदाराच्या विरोधात कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या आणि काढून टाकलेल्या माणसांना त्यांनी परत कामावर घ्यायला लावलं होतं. त्यात काका होते. तेव्हापासून वकीलबाई म्हणतील ती पूर्व दिशा. खुर्च्या मांडणं, पत्रकं वाटणं, म्हाताऱ्यांना धरून मतदानाला नेणं, सगळं काका करत. या निवडणुकीत वकीलबाई स्वतः उभ्या होत्या. पडल्या. नुसत्या पडल्या असत्या तर गोष्ट वेगळी, पण आमच्या भागातल्या केंद्रावर, जे आपला बालेकिल्ला म्हणून पक्षवाले छाती फुगवत, तिथं त्या सपाटून आपटल्या.

पराभवानंतर बहुतेक पुढारी महिनाभर फोन बंद ठेवतात. वकीलबाईंनी तसं केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यांनी कार्यकर्त्यांना बोलावलं आणि सांगितलं, की आपण इतकी वर्षं लोकांना नुसतं सांगत आलो, आता त्यांचं ऐकायचं. ज्यानं त्यानं आपापल्या भागात दारोदार जायचं, हात जोडायचे आणि विचारायचं की आमचं काय चुकलं. वाद घालायचा नाही, सफाई द्यायची नाही, ऐकून यायचं. कल्पना चांगलीच होती. आमच्या भागासाठी त्यांनी काकांना निवडलं, कारण काकांना प्रत्येक घर ओळखतं. घोटाळा इथंच झाला.

काकांनी विचार केला, वेगळं कशाला फिरायचं, पाणी सोडायला जातोच आहोत, तेव्हाच विचारू. त्यामुळे आमच्या दारात सकाळी सकाळी कोण उभं, तर काका. खांद्यावर चावी, तोंडावर ते नेहमीचं गरीब हसू, आणि प्रश्न काय, तर आम्हाला मत का दिलं नाहीत. आता सांगा, अर्धी बादली भरलेली असताना, पाणी ज्याच्या हातात त्याला कोण म्हणणार, की हो, नाही दिलं मत? मीही म्हणालो, अहो काका, असं कसं होईल, आमचं मत तुम्हालाच. माझं मत खरं कुणाला होतं ते विचारू नका, मतदान गुप्त असतं.

आमच्या घाबरण्याला कारणही होतं. मागं एकदा कोपऱ्यावरच्या शिंप्याचं आणि काकांचं कशावरून तरी वाजलं होतं. दुसऱ्याच दिवशी शिंप्याच्या गल्लीतला पाइप फुटला आणि गल्ली तहानेनं कासावीस झाली. पाइप आपला आपण फुटला होता. काका स्वतः चिखलात बसून तो दुरुस्त होईपर्यंत हलले नव्हते. पण लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. शिंपी तेव्हापासून काकांना लांबूनच नमस्कार करतो. काकांना वाटायचं, किती सुधारला बिचारा.

थोडक्यात, प्रत्येक घरानं सांगितलं की आम्ही तुमचेच. काका आनंदानं तरंगत पक्षाच्या ऑफिसात गेले आणि त्यांनी सांगितलं, की आपल्या भागात काही म्हणजे काही चुकलेलं नाही, सगळ्यांनी आपल्यालाच मत दिलंय.

ऑफिसात माइक बसला होता. माइक म्हणजे पक्षाचा सेक्रेटरी. हातात आलेला माइक त्यानं आजवर कधी आपणहून सोडलेला नाही, म्हणून हे नाव. तो ताडकन उठला. सगळ्यांनी मत दिलं, तर मग मतं गेली कुठं? सरळ आहे, मतदान केंद्रावर गडबड झाली. आणि त्याला आणखी एक गोष्ट आठवली. त्या केंद्रावर नेमलेले अधिकारी ऐन वेळी आजारी पडले होते आणि त्यांच्या जागी घाईघाईनं दुसरं माणूस बसवलं होतं. माणूस ऐन वेळी का बदलला? कुणी बदलला? माइकला हरल्याचं दुःख होतं, त्यापेक्षा जास्त दुःख हरण्याचं कारण सापडत नसल्याचं होतं. आता कारण सापडलं. तो म्हणाला, रविवारी सभा घेऊ, तिथं वकीलबाई जाहीर करतील, सोमवारी लेखी तक्रार जाईल.

 ऐन वेळी बसवलेलं ते माणूस म्हणजे काकांची मुलगी होती.

मुलगी सरकारी शाळेत शिकवते. खूप खटपटीनंतर लागलेली नोकरी, अजून कायम झालेली नव्हती. तक्रार आली की चौकशी, चौकशी लागली की तोवर घरी बसा, आणि जी कायम नाही तिला घरी बसवलं की परत कोण बोलावतं. हे काकांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी माइकला म्हणून बघितलं, की अहो, ती माझी मुलगी आहे, ती असं करणार नाही. माइकनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, काका, तिला दोष देत नाही आम्ही, तिच्यावर वरून दबाव आला असेल, चौकशीत ते बाहेर येईलच. इतक्या प्रेमानं बोलला की काकांना त्याच्यावर रागावताही येईना.

घरी मुलीनं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली नाही. नुसती पांढरी पडली. मग म्हणाली, "बाबा, मशीन बरोबर आहे. लोक तुमच्याशी खोटं बोलले."

काका म्हणाले, मला कशाला खोटं बोलतील, मी काय कुणाचं वाकडं केलंय.

"केलं नाहीत. करू शकता."

हे त्यांना पटलं नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि सकाळी, पाणी सोडून झाल्यावर, चावी घरी ठेवून ते पुन्हा निघाले. आता त्यांना उलट उत्तर हवं होतं. एक तरी घर हवं होतं, जे म्हणेल की नाही दिलं तुम्हाला मत. तेवढं वकीलबाईंसमोर नेऊन उभं केलं की मुलगी सुटणार होती.

पहिल्यांदा ते इस्त्रीवालीकडे गेले. तिची टपरी चौकात आहे. काकांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली घेतला आणि विचारलं, "खरं सांग. तू नाही ना दिलंस आम्हाला मत? मला माहीत आहे, नाही दिलंस."

बिचाऱ्या काकांना वाटत होतं, आपण तिला धीर देतोय. तिच्या हातातली इस्त्री एका शर्टावर तशीच राहिली आणि शर्ट करपला. तिनं लेकराची शपथ घेऊन सांगितलं की काका, तुम्हालाच दिलं, देवाशपथ तुम्हालाच दिलं. काका जितकं विनवायला लागले, की अगं, नाही दिलंस म्हण, मला बरं वाटेल, तितकी ती रडवेली झाली. जाळं टाकतायत अशीच तिची समजूत झाली. शिंप्यानं तर काका लांबून दिसल्याबरोबर दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आतून ओरडून सांगितलं की आमचं सगळं घर तुमच्या पाठीशी आहे.

दुपारपर्यंत चावीवाल्याची बातमी सगळ्या भागात पसरली. तो कुणी मत दिलं नाही ते शोधत फिरतोय. आज चावीशिवाय आलाय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. संध्याकाळी पहिला झेंडा शिंप्याच्या गॅलरीत लागला. त्याचा लागला म्हटल्यावर शेजारच्यांचा लागला, आणि शेजारच्यांचा लागल्यावर समोरच्यांना नुसती गॅलरी दाखवणं परवडेना. शनिवारी सकाळी काका पाणी सोडायला आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी त्यांच्याच पक्षाचे झेंडे फडफडत होते. ज्या दृश्यासाठी हा माणूस इतकी वर्षं राबला, ते दृश्य बघून त्यांना रस्त्यातच खाली बसावं लागलं.

माइकनं झेंड्यांचे फोटो काढले आणि वकीलबाईंना पाठवले. याहून मोठा पुरावा काय हवा, असं त्याचं म्हणणं. काका वकीलबाईंच्या घरी गेले. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, की बाई, हे झेंडे खरे नाहीत, लोक मला घाबरतात. वकीलबाई थकल्या होत्या. त्यांनी काकांकडे बराच वेळ बघितलं, आणि मग अगदी मायेनं विचारलं, की काका, मुलीसाठी म्हणताय का हे. काकांना हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. जिन्यावरून उतरताना त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या.

मुलगी त्या दिवशी शाळेतून आली आणि जेवली नाही. तिनं वह्या तपासायला घेतल्या, पण एकच वही कितीतरी वेळ समोर उघडी होती. काकू, म्हणजे काकांची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून एकदा नवऱ्याकडे आणि एकदा मुलीकडे बघत होत्या. काकू फार बोलत नाहीत. 

रविवारी शाळेच्या मोठ्या वर्गखोलीत सभा होती. खोली गच्च भरली. जो येणार नाही तो डोळ्यावर येईल, अशी प्रत्येकाला धास्ती. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही सगळे बसलो होतो. मुलगी सरकारी नोकरीत, ती येऊ शकत नव्हती. ती घरी होती. काका भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

माइकनं सुरुवात केली आणि सवयीप्रमाणे लांबवली. हे झेंडे बघा म्हणाला, ही माणसं बघा म्हणाला, आणि ज्यांनी तुमची मतं पळवली त्यांना आम्ही सोडणार नाही म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमची मतं आमच्याच समोर पळवली जात होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. मग वकीलबाई उठल्या. त्यांच्या हातात तक्रारीचा कागद होता. पण त्यांच्या मनात काहीतरी सलत असावं, कारण कागद वाचायच्या आधी त्या थांबल्या.

"एकदाच विचारते," त्या म्हणाल्या. "या खोलीत असं कुणी आहे का, ज्यानं मला मत दिलं नाही? असेल तर हात वर करा. माझा राग नाही."

एकही हात वर गेला नाही. इस्त्रीवाली आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. शिंपी छताकडे बघत होता. मी कुठं बघत होतो ते मला आठवत नाही, पण वकीलबाईंकडे नक्कीच नाही. माइकच्या तोंडावर हसू पसरलं. वकीलबाईंनी मान हलवली, चष्मा चढवला आणि कागद उघडला.

तेवढ्यात काकांनी हात वर केला.

आधी कुणाला कळलंच नाही. माइकला वाटलं, काकांना काही सूचना करायची आहे. तो म्हणाला, थांबा काका, नंतर. काकांचा हात खाली आला नाही. 

"मी नाही दिलं मत," काका म्हणाले. "मी दुसऱ्यांना दिलं."

खोटं होतं ते. साफ खोटं. या माणसानं वकीलबाईंना मत दिलं नसेल तर सूर्य उगवला नसेल. पण त्या क्षणी आम्हा कुणाच्या हे डोक्यात आलं नाही. आम्हाला एवढंच दिसलं, की ज्याची भीती होती, तोच हात वर करून उभा आहे. मग आपण कुणाला घाबरून बसलोय?

माइकच्या तोंडून गद्दार हा शब्द निघाला आणि तो माइकमधून निघाल्यामुळे सगळ्या शाळेला ऐकू गेला. काका जागचे हलले नाहीत. वकीलबाईंनी विचारलं, का दिलं नाहीत. आता कारण काय सांगणार, कारण नव्हतंच.   काका आता पकडले जाणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"मी सांगते. मीपण नाही दिलं."

इस्त्रीवाली उठून उभी होती. ती वकीलबाईंकडे बघून बोलत होती आणि तिचा आवाज रागानं चिरकत होता. तुमचं स्टेज माझ्या टपरीसमोर ठोकलं. प्रचार संपेपर्यंत माझ्याकडे गिऱ्हाईक फिरकलं नाही. मी यांना सांगायला गेले, असं म्हणून तिनं माइककडे बोट केलं, तर यांनी मला गप्प बसायला सांगितलं आणि वर हातात एक झेंडा दिला. त्याच झेंड्याला इस्त्री करून तो मी काल लावलाय.

मग शिंपी उठला. तो म्हणाला, की तुम्ही दर वेळी येता, एवढं केलं तेवढं केलं सांगता, आणि आम्ही तोंड उघडलं की गाडी पुढं जाते. चौथा हात माझा होता, आता लपवून काय करू. त्यानंतर मोजण्यात अर्थ उरला नाही. पुरुषांत हात वर होते, बायकांत होते, आणि सगळे एकदम बोलत होते. इतक्या वर्षांचं तुंबलेलं बाहेर येत होतं. माइकनं शांत राहा, शांत राहा असा घोष लावला, तेव्हा वकीलबाईंनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि टेबलावर आडवा ठेवून दिला. त्यांनी तक्रारीचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि पहिल्या बाकावर, मुलांच्या जागेवर, लोकांकडे तोंड करून बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. ऐकणं सोपं नसतं, आणि त्यांना ते जमत होतं असंही नाही. दोनदा त्यांनी मधेच बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पण त्या उठून गेल्या नाहीत.

काका भिंतीला टेकून बघत होते. त्यांचा हात केव्हाच खाली आला होता. मुलगी सुटली, हे त्यांना समजलं होतं. सुटकेचा श्वास टाकून त्यांनी सहज बायकांच्या बाजूला नजर फिरवली आणि त्यांना मधल्या रांगेत आपल्या बायकोचा हात दिसला. तो वर होता. अगदी सरळ, कोपरात न वाकलेला.

पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं. बाहेर पडताना माइकनं काकांना गाठून बजावलं, की ऑफिसात पुन्हा पाय ठेवायचा नाही. काकांनी मान डोलावली. त्यांनी मुलीला फोन करून तक्रार जाणार नाही म्हणून सांगितलं. तिकडून ती नुसती रडली. मग दोघं घराकडे चालायला लागले. रस्त्यात दोन-तीन जणांनी काकांची पाठ थोपटली, काका, मानलं तुम्हाला, म्हणून. मत न दिल्याबद्दल. ज्या पक्षासाठी जन्म घालवला, त्या पक्षात गद्दार ठरल्याचा तो सत्कार काकांनी मुकाट्यानं घेतला.

लोक मागं पडल्यावर काकू म्हणाल्या, "तुम्ही तर दिलं होतंत."

"हो."

"पोरीसाठी बोललात. मला कळलं."

थोडं चालून गेल्यावर काकांनी विचारलं, "आणि तुझा हात?"

"माझा खरा होता."

काका थांबले. रागानं नव्हे. काकू सांगतात, की इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचा असा चेहरा त्यांनी बघितला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्या दारांत जाऊन विचारलंत," काकू म्हणाल्या. "घरात विचारलंत?"

काकांनी खूप आठवून बघितलं. नव्हतं विचारलं. एकदाही नाही. "मला वाटलं," ते म्हणाले, "तुझं मत मला माहीतच आहे."

"तुमच्या पक्षालाही तसंच वाटत होतं आमच्याबद्दल."

 एका बंद दुकानाच्या पायरीवर काका बसले आणि त्यांनी शेजारची जागा हातानं झाडून दिली. काकू बसल्या. का नाही दिलंस, असं काकांनी विचारलं, आणि काकू सांगायला लागल्या. पहिल्याच वाक्याला काका म्हणाले, "अगं पण ते तसं नव्हतं..." आणि मग त्यांनी तोंड मिटलं. काकूंना पुष्कळ सांगायचं होतं.